ब्राउझरचा ‘ठसा’ आणि ग्रंथालयातले आठ संगणक: संरक्षणाची सेटिंग वाचकांपर्यंत कशी पोहोचवावी?

तालुका_ग्रंथपाल

नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावी ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. आमच्या अभ्यासिकेत वाचकांसाठी आठ संगणक आहेत आणि ते सर्व एकाच वेळी, एकाच कंपनीचे घेतलेले आहेत. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली त्यांवर अर्ज भरतात, शेतकरी बाजारभाव पाहतात, आणि घरी विचारायला अवघड वाटणाऱ्या आजाराची किंवा कायद्याची माहिती शोधायलाही काही लोक येथेच येतात. हा शेवटचा वर्ग संख्येने लहान असला तरी मला त्याचीच काळजी अधिक वाटते. कोणी कोणते पुस्तक नेले हे आम्ही तिऱ्हाइताला सांगत नाही. मग कोणी काय शोधले हेही तिऱ्हाइताला कळता कामा नये.

फायरफॉक्स हा ब्राउझर बंद होताच इतिहास आणि कुकी (संकेतस्थळे संगणकावर ठेवतात त्या छोट्या नोंदी) पुसल्या जातील अशी व्यवस्था करून मी आजवर निश्चिंत होतो. मागच्या महिन्यात एका विद्यार्थिनीने मला डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनची ‘कव्हर युअर ट्रॅक्स’ ही चाचणी चालवून दाखवली. कुकी नुकत्याच पुसलेल्या आमच्या संगणकाचा ब्राउझर, गेल्या ४५ दिवसांत तेथे तपासलेल्या सर्व ब्राउझरांमध्ये एकमेव ठरला. म्हणजे कुकी नसली तरी फाँट, पडद्याचा आकार, ग्राफिक्स, भाषा अशा खुणा एकत्र करून तोच संगणक पुन्हा ओळखता येतो, आणि या खुणा पुसण्याचे कोणतेही बटण वाचकाच्या हाती नाही. यालाच ‘फिंगरप्रिंटिंग’, म्हणजे ब्राउझरचा ठसा घेणे, म्हणतात.

त्यानंतर वाचनात आलेल्या सल्ल्यानुसार मी फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंगच्या अबाउट:कॉन्फिग या पानावर गेलो, तेथील धोक्याची सूचना ओलांडली आणि दोन संगणकांवर ‘प्रायव्हसी.रेझिस्टफिंगरप्रिंटिंग’ ही नोंद चालू केली. आठवडाभरात तक्रारी सुरू झाल्या. दवाखान्याची वेळ घेण्याच्या एका पानावर सकाळी साडेदहाची वेळ पहाटे पाचची दिसू लागली. प्रवेश अर्जाच्या एका संकेतस्थळावर मुलीने छायाचित्र कापून चढवले, तर त्याच्या जागी रंगीत रेघोट्या उमटल्या, आणि शेवटची तारीख जवळ आल्यामुळे ती रडकुंडीला आली. एका ज्येष्ठ वाचकांनी मोठे करून ठेवलेले अक्षर प्रत्येक वेळी पुन्हा लहान होऊ लागले. शेवटी मी ती नोंद बंद केली.

माझी पहिली विचारणा व्यावहारिक आहे: आमच्यासारख्या ठिकाणी नेमकी कोणती सेटिंग योग्य ठरेल? दुसरी विचारणा मला अधिक छळते. इतके महत्त्वाचे संरक्षण सामान्य वाचक कधीही पोहोचणार नाही अशा पानावर का ठेवलेले असते, आणि ते उघड्यावर आणायचे तर कोणत्या रूपात व कोणत्या शब्दांत आणावे? मी वाचकांना ‘फिंगरप्रिंटिंग’ समजावून सांगू लागलो, तेव्हा बहुतेकांना रेशन दुकानातले अंगठा लावण्याचे यंत्र आठवले, आणि एका आजोबांनी संगणकाला हात लावण्याआधी तो ठसा घेतो का, असे गंभीरपणे विचारले.

वेब_कारागीर

ग्रंथपाल महोदय, आपण चालू केलेली नोंद वेगळ्या गरजेसाठी बनलेली आहे, हे आधी सांगायला हवे, कारण त्यात तुमच्या दोन्ही विचारणांचे बरेचसे उत्तर आहे. ओळख लपवून वेब पाहण्यासाठी बनवलेला टॉर ब्राउझर हा फायरफॉक्सवर बेतलेला आहे, आणि टॉरने स्वतःसाठी केलेले अनेक बदल मूळ फायरफॉक्समध्ये आणण्याचे काम २०१६ पासून टॉर आणि मोझिला (फायरफॉक्स बनवणारी संस्था) यांनी मिळून हाती घेतले. ही नोंद त्याच कामाचा भाग आहे. तिचा विचार असा की जगातला प्रत्येक वापरकर्ता हुबेहूब एकसारखा दिसावा. म्हणून ती वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार सांगते, आणि म्हणूनच तुमचे साडेदहा साडेपाच तासांनी मागे गेले. छायाचित्राचे कारणही तेच आहे. पान ज्या ‘कॅनव्हास’वर चित्र कापते, त्यावरचे ठिपके परवानगीशिवाय वाचू दिले जात नाहीत आणि त्यांच्या जागी निरर्थक ठिपके दिले जातात.

कॅनव्हासवर एवढा संशय का, हे थोडे सविस्तर लिहितो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील कीटन मॉवरी आणि होवाव शाचम यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की, ब्राउझरला एखादे वाक्य अदृश्य चित्र म्हणून रंगवायला सांगितले, तर ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर आणि अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्याची पद्धत यांनुसार ठिपक्यांत सूक्ष्म फरक पडतो आणि तो फरक टिकून राहतो. दोनच वर्षांनी, २०१४ मध्ये, संशोधकांनी सर्वाधिक भेटी मिळणारी एक लाख संकेतस्थळे तपासली, तेव्हा ५.५ टक्के स्थळांवर हे तंत्र चालू असलेले आढळले. फाँट ओळखण्याची युक्ती याहून साधी आहे. एकच ओळ वेगवेगळ्या फाँटांची नावे देऊन मांडायची आणि तिची रुंदी मोजायची. रुंदी बदलली तर तो फाँट त्या संगणकावर आहे. यातले काहीही वाचकाला दिसत नाही आणि काहीही विचारले जात नाही.

आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. पीटर एकर्स्ली यांनी २०१० मध्ये याच चाचणीच्या पहिल्या रूपात, म्हणजे ‘पॅनॉप्टिक्लिक’मध्ये, ४,७०,१६१ ब्राउझर तपासले. त्यांतले ८३.६ टक्के एकमेव निघाले. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या एका लोकप्रिय संकेतस्थळाच्या सामान्य वाचकांचे २० लाखांहून अधिक ठसे तपासले गेले, तेव्हा हे प्रमाण ३३.६ टक्के निघाले. मधल्या काळात फ्लॅश आणि जावा हे ब्राउझरचे जुने जोडप्रोग्राम मागे पडले हे एक कारण आहेच; पण दुसरे कारण मला अधिक बोलके वाटते. गोपनीयतेच्या चाचणीला मुद्दाम येणारी माणसे सेटिंग बदलणारी असतात, निरनिराळी एक्स्टेंशन्स (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम) घालणारी असतात, आणि नेमकी त्यामुळेच ती गर्दीतून उठून दिसतात. फ्रेंच संकेतस्थळावर आलेल्या सामान्य माणसाने काहीच बदललेले नव्हते, म्हणून तो गर्दीत मिसळून गेला.

कुलूप माझे एकट्याचे असले तरी ते माझे घर राखते. ठशापासूनचे संरक्षण तसे नसते, ते गर्दीच्या जोरावर चालते. माझ्यासारखीच सेटिंग असलेले लाखो लोक असतील तरच ती मला लपवते. म्हणून अशी सेटिंग ‘उघड्यावर आणणे’ म्हणजे एक चौकोन दाखवून त्यात टिचकी मारायला सांगणे नव्हे. ‘माझा माग काढू नका’ असे संकेतस्थळांना कळवणारा ‘डू नॉट ट्रॅक’ हा तसाच एक सोपा चौकोन होता. बहुतेक संकेतस्थळांनी त्याची दखल घेतली नाही, उलट तो चालू असणे हीच एक जादा खूण झाली. सफारीने २०१९ मध्ये तो काढला तेव्हा हेच कारण दिले, आणि फायरफॉक्सने २०२५ च्या १३५ व्या आवृत्तीत त्याला निरोप दिला. ब्रेव्ह ब्राउझरमध्येही ठशांविरुद्ध एक कडक पर्याय होता. तो अर्ध्या टक्क्याहून कमी लोक वापरत होते, त्याने अनेक पाने मोडत होती, आणि इतक्या थोड्या लोकांनी तो वापरल्याने तेच लोक वेगळे दिसण्याचा धोका होता. म्हणून २०२४ मध्ये ब्रेव्हने तो पर्याय बंद करून सर्वांना मिळणारे मूळ संरक्षण भक्कम करण्याकडे लक्ष वळवले. मला हा निर्णय बरोबर वाटतो.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा आहे. अबाउट:कॉन्फिगला हात लावू नका. नेहमीच्या सेटिंगमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या भागात ‘एनहान्स्ड ट्रॅकिंग प्रोटेक्शन’ आहे. तेथे आठही संगणकांवर ‘स्ट्रिक्ट’ निवडा. ठसे घेणाऱ्या ज्ञात कंपन्यांच्या स्क्रिप्ट (पानात चालणारे छोटे प्रोग्राम) अडवणे हे काम फायरफॉक्स जानेवारी २०२० च्या ७२ व्या आवृत्तीपासून सर्वांसाठीच करतो. स्ट्रिक्टमध्ये त्याच्या जोडीला खुणाच पुसट करणारे संरक्षण मिळते. ते २०२३ च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने आले आणि नोव्हेंबर २०२५ च्या १४५ व्या आवृत्तीत वाढवले गेले. ते वेळ बदलत नाही. कॅनव्हासवर डोळ्याला न जाणवणारा फरक मिसळते, त्यामुळे छायाचित्र छायाचित्रच राहते. हा फरक प्रत्येक संकेतस्थळासाठी आणि प्रत्येक वेळी ब्राउझर उघडल्यावर वेगळा असतो, म्हणून चाचणीने ‘एकमेव’ म्हटले तरी घाबरू नका. आजचा एकमेव ठसा उद्याच्या ठशाशी जुळत नसेल, तर त्यावरून माग काढणे कठीण होते.

सामायिक संगणकाच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. तेथे ठसा माणसाचा नसून यंत्राचा असतो. सकाळी एखाद्याने आपल्या खात्यात प्रवेश केला आणि दुपारी त्याच यंत्रावर दुसऱ्याने आजाराची माहिती शोधली, तर माग काढणारी कंपनी दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या नावावर मांडू शकते. तुमची काळजी अगदी रास्त आहे.

अक्षर_जुळारी

वरच्या प्रतिसादात फाँटांचा उल्लेख आला, त्यात आपल्या बाजूची थोडी भर घालतो. मी वीस वर्षे मराठी छपाईचे काम करतो. माझ्या संगणकावर श्री-लिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव, शिवाजी अशा संचांतले शेकडो फाँट आहेत, आणि महाराष्ट्रातल्या कोणत्याही छापखान्यात, झेरॉक्सच्या दुकानात किंवा जुन्या कार्यालयात हेच चित्र दिसेल. युनिकोड ही सर्व भाषांची समान अक्षर-पद्धत येण्यापूर्वीच्या काळाची ही पुंजी आहे आणि जुन्या फाइली उघडायला ती अजूनही लागते. पण प्रत्येकाच्या पुंजीतले फाँट वेगळे असल्यामुळे, फाँटांच्या यादीवरून माझा संगणक ओळखणे हे गावातल्या एकमेव पिवळ्या घराचा पत्ता सांगण्याइतके सोपे आहे.

ग्रंथपाल साहेब, तुमच्या आठ यंत्रांपैकी एखाद्यावर कोणी कामापुरता म्हणून असा संच बसवला आहे का, ते आधी पाहा. मी एका वाचनालयात पाहिले तेव्हा एका यंत्रावर कार्यक्रमपत्रिका करण्यासाठी दोनशेच्या आसपास फाँट टाकलेले होते आणि बाकीच्या यंत्रांवर एकही नव्हता. स्ट्रिक्ट संरक्षणात विंडोजबरोबर आलेले आणि भाषेच्या जोडसंचातले फाँट तेवढे संकेतस्थळांना दिसतात. निर्मला यूआय किंवा मंगल चालतात, आपण बाहेरून बसवलेले चालत नाहीत. त्यामुळे ठशाचा प्रश्न बराच सुटतो, पण एक अडचण उभी राहते. काही जुन्या नियतकालिकांची पाने अजून युनिकोडमध्ये आलेली नाहीत आणि ती वाचायला संगणकावर त्यांचा विशिष्ट फाँट असावा लागतो. स्ट्रिक्टमध्ये ती पाने रोमन अक्षरांच्या निरर्थक माळेसारखी दिसतील. तुमच्याकडे संशोधक येत असतील तर हे ध्यानात ठेवा.

भाषेचेही तसेच आहे. ब्राउझर प्रत्येक पान मागताना आपल्याला कोणत्या भाषेत पान हवे हे कळवतो. तेथे मराठी पहिली ठेवणारे ब्राउझर फार थोडे असल्याने तीही ठळक खूण होते. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मातृभाषा मराठी नोंदवली, आणि तरीही मराठीत पान मागणारा माणूस जाळ्यावर दुर्मीळ ठरतो, याचे मला फार वाईट वाटते.

दक्ष_नजर

मी एका बँकेच्या फसवणूक-प्रतिबंधक विभागात काम करतो, म्हणून दुसरी बाजू मांडणे माझे कर्तव्य आहे. ग्राहकाचा पासवर्ड चोरीला गेला आणि चोराने तो दुसऱ्या राज्यातून वापरला, तर हे ग्राहकाचे नेहमीचे यंत्र नाही एवढे कळण्यासाठी आम्हीही याच खुणा पाहतो. नेहमीचे यंत्र ओळखता आले नाही तर जादा प्रश्न विचारले जातात, कधी व्यवहार थांबवला जातो. ज्यांची आयुष्यभराची पुंजी खात्यात असते अशा वृद्ध ग्राहकांना या तपासणीने वाचवलेले मी स्वतः पाहिले आहे. सरसकट सर्व ठसे वाईट, असे वाचकांना सांगू नये, ही विनंती.

मात्र हेही मान्य करतो की खूण एकदा गोळा झाली की ती कोणत्या कामासाठी वापरली जाते हे बाहेरच्या माणसाला दिसत नाही. गूगलने २०१९ मध्ये ठशांवरून माग काढणे हे वापरकर्त्याची निवड डावलणारे आणि चुकीचे असल्याचे म्हटले होते, आणि १६ फेब्रुवारी २०२५ पासून त्याच कंपनीच्या जाहिरात धोरणात यावरचे बंधन सैल झाले. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने डिसेंबर २०२४ मध्येच या बदलाला बेजबाबदार म्हटले. फसवणूक रोखण्यासाठी घेतलेला ठसा आणि जाहिरातीसाठी घेतलेला ठसा यांत ब्राउझरला फरक करता येत नाही. त्यामुळे बँकेच्या पानापुरती सूट देण्याची सोय वाचकाला सहज सापडली पाहिजे. पत्त्याच्या पट्टीतले ढालीचे चिन्ह दाबून त्या एका स्थळापुरते संरक्षण बंद करता येते, हे तुमच्या वाचकांना दाखवून ठेवा. खरे तर सार्वजनिक संगणकावर बँकेचे व्यवहार करूच नयेत, पण ज्यांच्याकडे दुसरा मार्ग नाही त्यांना हे कळलेले बरे.

निवृत्त_शिक्षिका

तुमच्या विचारणेतले अक्षर लहान होणारे ज्येष्ठ वाचक वाचून मला लिहावेसे वाटले, कारण माझी दृष्टी अधू आहे आणि मी प्रत्येक संकेतस्थळाचे अक्षर दीडपट करून वाचते. तुम्ही वापरलेली कडक नोंद प्रत्येक स्थळासाठी लक्षात ठेवलेला हा मोठेपणा लागू करत नाही, हे मोझिलाच्या मदत-पानावरच लिहिलेले आहे. ती मजकूर वाचून दाखवणारी सोयही बंद करते. पडद्यावरची हालचाल कमी हवी, रंगांतला भेद ठळक हवा, असे आपण संगणकाला सांगून ठेवलेले असते, तेही ती संकेतस्थळापासून लपवते. ज्यांना हलत्या चित्रांनी चक्कर येते त्यांच्यासाठी ही शोभेची गोष्ट नाही.

मी या विषयावर बराच विचार केला आहे. ज्याच्या गरजा इतरांसारख्या असतात, त्याला गर्दीत मिसळायला काहीच मोजावे लागत नाही. ज्याला मोठे अक्षर हवे, वाचून दाखवणारा आवाज हवा किंवा आपली भाषा हवी, त्याला मात्र गोपनीयता आणि गरज यांपैकी एक निवडावे लागते. ही निवड जर कोणावर लादायचीच असेल, तर निदान ती त्याला समजेल अशी समोर ठेवली पाहिजे. कडक नोंदीतले एकेक संरक्षण वगळण्याची सोय फायरफॉक्समध्ये आहे, पण ती अबाउट:कॉन्फिगमधल्या एका ओळीत, इंग्रजी नावांपुढे अधिक-उणे चिन्हे लिहून वापरावी लागते. माझ्या भाच्याने ती मला करून दिली. मला एकटीला ती कधीच जमली नसती. ‘मला मोठे अक्षर हवे आहे, त्यामुळे माझा संगणक थोडा अधिक ओळखू येईल, हे मला मान्य आहे’ असे एक साधे वाक्य आणि त्यापुढे एक चौकोन असता, तर मी स्वतः निर्णय घेतला असता.

वेब_कारागीर

बाईंचा मुद्दा पूर्णपणे पटला. एवढेच सांगतो की स्ट्रिक्टमधले संरक्षण अक्षरांचा मोठेपणा, रंगभेद किंवा हालचालीची निवड यांना हात लावत नाही, त्यामुळे ग्रंथालयात ही अडचण येऊ नये. टॉर ब्राउझरची एक गोष्ट मात्र यासंदर्भात पाहण्याजोगी आहे. त्यांनी २०१५ मध्ये सुरक्षेसाठी सरकपट्टी आणली. तिच्या पायऱ्या आधी चार होत्या, पुढे तीन केल्या, म्हणजे लोक फार गटांत विभागले जाऊ नयेत. ही पट्टी जावास्क्रिप्टसारख्या धोक्याच्या गोष्टी कमी-जास्त करते. ठशापासूनचे मूळ संरक्षण मात्र प्रत्येक पायरीवर चालूच राहते. ते सोडायला पट्टीवर जागाच ठेवलेली नाही. खिडकीचा आतला भाग २०० आणि १०० ठिपक्यांच्या पटीत ठेवून कडेला राखाडी पट्टा सोडणे हेही त्यातलेच. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ब्राउझर बिघडला असे वाटते, आणि असा पट्टा का आहे हे तिथल्या तिथे एका ओळीत सांगितले तर किती लोक तो निमूटपणे स्वीकारतील, याची मला नेहमी उत्सुकता वाटते.

शब्दांकुर

मी काही मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांसाठी मराठी भाषांतर करते. रेशन दुकानातल्या अंगठ्याचा अनुभव मलाही आला आहे. ‘फिंगरप्रिंटिंग’ या शब्दातले रूपक इंग्रजीत गुन्ह्याच्या तपासातून आलेले आहे. आपल्याकडे मात्र अंगठा ही रोजच्या धान्याची आणि सहीची गोष्ट आहे, म्हणून ‘ठसा’ म्हटले की माणसाला आपला हात आठवतो, संगणक आठवत नाही. मी त्याऐवजी ‘खुणा’ आणि ‘माग’ हे शब्द वापरते. चोराचा माग, जनावराचा माग, हे आपल्याला पिढ्यानपिढ्या माहीत आहे. ‘खुणांवरून माग काढणे’ म्हटले की शेतकऱ्यालाही लगेच कळते. सेटिंगच्या नावातही यंत्रणेचे नाव नको, परिणाम हवा. ‘संकेतस्थळांना या संगणकाच्या खुणा गोळा करू देऊ नका’ हे वाक्य लांब असले तरी ते वाचून काय होणार हे कळते.

आता भाषेच्या खुणेविषयी. फायरफॉक्सची स्वतःची भाषा आणि संकेतस्थळांकडे मागण्याची भाषा या दोन वेगळ्या सेटिंग आहेत. ब्राउझर मराठीत ठेवून पाने इंग्रजीत मागता येतात, आणि कडक नोंद चालू केली तर फायरफॉक्स स्वतःच विचारतो की अधिक गोपनीयतेसाठी इंग्रजी पाने मागू का. ज्याला जिवाची भीती आहे अशा माणसाने अवश्य हो म्हणावे. पण ग्रंथालयाच्या संगणकावर मी मराठीच मागेन. मागणी करणाराच दिसला नाही तर मराठी पान तयार कोण करणार? शिवाय सगळ्या वाचनालयांनी मराठी ठेवली, तर मराठी मागणारा ब्राउझर आजच्याइतका विरळा राहणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमानेही संमतीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यायला सांगितले आहे. तो नियम कंपन्यांच्या सूचनांसाठी आहे, ब्राउझरच्या सेटिंगसाठी नाही. पण ज्या देशात संमती मराठीत मागायची आहे, तेथे नकार देण्याची सेटिंगही मराठीत वाचता आली पाहिजे.

तालुका_ग्रंथपाल

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांत जे केले ते येथे नोंदवतो, म्हणजे दुसऱ्या एखाद्या ग्रंथालयाला उपयोग होईल.

जुळारी यांचा अंदाज खरा निघाला. तीन क्रमांकाच्या यंत्रावर वार्षिक अहवालासाठी टाकलेले १४० फाँट सापडले. ते काढून कार्यालयातल्या संगणकावर हलवले. आठही यंत्रांवर फायरफॉक्स मराठीत केला, पडद्याचा आकार आणि विंडोजचे अद्यतन सारखे केले, आणि फायरफॉक्सची सेटिंग ठरवणाऱ्या ‘पॉलिसीज.जेसन’ या एकाच फाइलची प्रत सर्वांवर ठेवून स्ट्रिक्ट संरक्षण लावले, म्हणजे एकाने बदलले आणि दुसऱ्यावर राहून गेले असे होणार नाही. पाने मागण्याची भाषा शब्दांकुर यांच्या म्हणण्याप्रमाणे मराठीच ठेवली आणि मागोमाग इंग्रजी. जुन्या नियतकालिकाचे एक संकेतस्थळ अपेक्षेप्रमाणे वाचता येईना. तेवढ्यापुरती ढाल दाबून सूट दिली. प्रवेश अर्जाचे छायाचित्र या वेळी नीट चढले, आणि ती मुलगी स्वतः येऊन सांगून गेली. आमच्या ज्येष्ठ वाचकांचे अक्षर मोठेच राहते. एका स्थळावर ‘तुम्ही यंत्रमानव नाही ना’ अशी चित्रांची तपासणी पूर्वीपेक्षा अधिक वेळा येते, ती मात्र सोसावी लागेल असे दिसते.

प्रत्येक पडद्याशेजारी चिकटवण्यासाठी पुढील मजकूर लिहिला आहे. शब्दांकुर यांनी त्यात सुधारणा सुचवावी.

‘या संगणकावर आपण सुरक्षित आहात. संकेतस्थळांना या संगणकाच्या खुणा गोळा करता येऊ नयेत, अशी व्यवस्था केलेली आहे. एखादे पान नीट दिसत नसेल तर पत्त्याशेजारची ढाल दाबून त्या पानापुरती ही व्यवस्था बंद करता येते; अडचण आल्यास ग्रंथपालांना विचारावे. आपण एखाद्या खात्यात प्रवेश केलात, तर ते संकेतस्थळ आपल्याला ओळखतेच, म्हणून काम झाल्यावर खात्यातून बाहेर पडावे.’

शब्दांकुर

मजकूर चांगला झाला आहे, तरी पहिले वाक्य काढावे. ‘सुरक्षित’ वाचून एखादा माणूस येथे बँकेचा पासवर्डही निर्धास्तपणे टाकेल, आणि हे संरक्षण त्या कामाचे नाही. ते आपला इंटरनेटचा आयपी पत्ताही लपवत नाही. दुसऱ्या वाक्यात ‘गोळा करता येऊ नयेत’ याऐवजी ‘गोळा करणे अवघड जावे’ असे लिहा, कारण आपण तेवढेच करू शकलो आहोत. शेवटचे वाक्य सर्वांत वर घ्या आणि मोठ्या अक्षरांत छापा. उठण्यापूर्वी वाचकाने स्वतः करायची गोष्ट तेवढीच आहे.